पालथा उंबरा

कागद आधी आला. माणूस तीन दिवसांनी, खंडेनवमीला येणार होता.

कागद छापील होता आणि त्यावर दहा रकाने होते. धारहून बदनावरला जाणारी सडक पक्की होत होती. कालीखेडीच्या नाल्यावर मोरी बांधायची होती आणि मोरीला घडीव दगड हवा होता. सडकेच्या दोन्ही अंगांना ज्या दगडी वास्तूंची सनद नाही, त्या उतरवून दगड मोरीला घ्यावा, असा हुकूम निघाला होता. मात्र त्याआधी एक कारकून गावोगाव फिरून यादी करणार होता. जी वास्तू प्राचीन ठरेल, तिला सडक हात लावणार नव्हती.

जगदेवरावांच्या घराच्या कोपऱ्यावर गेरूची फुली महिन्यापूर्वीच पडली होती. सनद होती, पण संवत छप्पनच्या दुष्काळात ती वाळवीने खाल्ली. बांबूच्या नळीतून नुसती माती निघाली. त्याला आता नऊ वर्षे झाली होती. नळी अजून खुंटीला होती.

"प्राचीन ठरेल," जगदेवराव म्हणाले. "का नाही ठरणार? सूनबाई, दौत आणा."

रकाना पहिला. वास्तूचे नाव.

नाव नव्हते. गाव तिला भाटाकी टापरी म्हणे. माळव्यात भाटा म्हणजे दगड आणि टापरी म्हणजे झोपडी. जगदेवरावांना तो शब्द झोंबे. त्यांनी लिहिले : विश्वासरावांचा दगडी वाडा. 'वाडा' वाळेपर्यंत त्यावर फुंकर घातली.

खोली एकच होती.

रकाना दुसरा. ठिकाण.

मौजे कालीखेडी, नाल्याकाठी.

रकाना तिसरा. लांबी, रुंदी, उंची.

"दोन टोपल्या शेण," सगुणाबाई म्हणाली. ती मक्याची कणसे सोलत बसली होती. "सारवायला दोन टोपल्या लागतात. अडीच नाही लागत."

"दरबारला शेणाचं माप कळवू?"

"मला तेवढंच माहीत, मामंजी."

मग बैलाचा कासरा आणला. एक टोक सुनेने भिंतीला धरले. जगदेवराव दुसरे टोक घेऊन चालले. पाचव्या पावलाला त्यांचा उजवा गुडघा अडला. वीस वर्षे ते घोड्यावर होते, आणि ती सगळी वीस वर्षे आता त्या एका गुडघ्यात येऊन बसली होती. ते वाकू शकेनात. सगुणाबाई आपले टोक दगडाखाली दाबून आली आणि त्यांच्या हातचे टोकही तिनेच भिंतीला लावले. आपल्या कोपरापासून बोटापर्यंत एकेक हात मोजत ती कासऱ्यावरून सरकत गेली.

"साडेनऊ."

"तुमचा हात लहान. नऊ लिहितो."

रकाना चौथा. बांधकामाचा माल.

काळा दगड. चुना नाही. दगडावर दगड असा बसवलेला, की मधून सुरीचे पाते जाणार नाही. वर दगडाच्याच फरशा. फरशांच्या सांध्यांत दर ज्येष्ठात सगुणाबाई भुसा घातलेली माती भरते. श्रावणात भिंतींना आतून घाम येतो. तेव्हा मिरच्या कोनाड्यातून काढून चुलीवरच्या दोरीला टांगाव्या लागतात. वैशाखात दुपारी त्याच भिंतीला पाठ लावली तर डोळा लागतो. गावातली मातीची घरे मोठ्या पावसात बसतात, पुन्हा उभी राहतात. ही खोली कधी बसली नाही, म्हणून तिला कधी कोणी बांधताना पाहिले नाही.

यातले जगदेवरावांनी पहिले चारच शब्द लिहिले.

रकाना पाचवा. कोणी बांधली.

इथे त्यांनी लेखणी नवी तासली. 'श्रीमंत विश्वासराव, आमचे पणजोबा, दक्षिणेतून फौजेबरोबर आले, त्यांनी स्वहस्ते.'

रकाना सहावा. केव्हा.

'राज्य कायम जाहले, त्याच्या तिसऱ्या साली.'

वाक्य त्यांनी दोनदा मोठ्याने वाचले. बैलानेही कान हलवला.

*

सातवा, आठवा, नववा, दहावा हे रकाने तसेच राहिले, कारण मानसिंगराव घरी आला. हा त्यांचा मुलगा, सगुणाबाईचा नवरा. दिवस मावळायला थोडा अवकाश होता. तो विहिरीवरूनच हातपाय धुऊन आला होता, तरी पापण्यांवर पांढरी धूळ होती.

"आज किती माणसं होती कामावर?" जगदेवरावांनी विचारले.

"चाळीस, आबा."

"हजेरी चोख घेतोस ना? ही भील माणसं एकाच्या जागी दुसरा उभा करतात."

"घेतो."

तो हजेरी घेत नव्हता. तो खडी फोडत होता. घोडेस्वारांच्या घरातला पहिला माणूस, जो उकिडवा बसून दगडावर दगड फोडत होता. सगुणाबाईला ते पहिल्या दिवसापासून माहीत होते. ती त्याचा सदरा वेगळा धुई आणि बाभळीच्या काट्याने त्याच्या तळव्यातल्या कपच्या काढी. सडकेची पहार, जिला गाव सब्बल म्हणे, तो कडब्याच्या गंजीत खुपसून मगच अंगणात येई. पहारीच्या डोक्यावर आकडा ठोकलेला होता. हरवली तर ती त्याच्या मजुरीतून वळती होणार होती.

आज तिने काटा लावला तेव्हा तो हळू म्हणाला, "ती फुली आहे ना कोपऱ्यावरची."

"हं."

"गेरूचं मडकं मी धरलं होतं. मुकादम म्हणाला, तुझंच घर आहे, तूच दाखव कोणता दगड चांगला."

कपची निघाली तशी तिने तिथे थुंकी लावली.

"मी कोपऱ्याचा दाखवला," तो म्हणाला. "तोच चांगला आहे."

*

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दुपारी जगदेवराव दारात उभे राहिले आणि कारकून येईल तसे आपल्या घराकडे येऊन पाहू लागले. नाल्याकडून आले. बाभळीपाशी थांबले. मग दारापाशी आले आणि त्यांचे तोंड उतरले.

उंबरा.

उंबरा दगडाचा होता, वीतभर जाडीचा. पण मध्ये तो खोगिरासारखा खाली गेला होता. चार बोटे खोल. या घराची एक रीत होती : खंडेनवमीच्या सकाळी सगळे गाव आपली हत्यारे घेऊन येई आणि या उंबऱ्यावर पहिली धार लावून मग घरी पूजेला मांडी. विळे, कुऱ्हाडी, खुरपी, अफूच्या बोंडांना चीर द्यायची नखाएवढी पाती. गव्हाच्या कापणीआधी पुन्हा एकदा. घरच्या विळ्याला तर रोजच. लोहाराच्या भात्याशेजारी उत्तम सहाण होती, पण पहिली धार इथली.

"गोठ्याच्या गव्हाणीसारखा दिसतो," जगदेवराव म्हणाले. "लिहिलंय वाडा, आणि पाहुणा पाय ठेवणार तो हिच्यात. मानसिंग, पहार घे. उलटा घाल. खालची बाजू सपाट असेल."

"आबा, त्याला कधी कोणी हलवलेलं नाही."

"म्हणूनच सपाट असेल."

सगुणाबाई आतून आली. रोज सकाळी त्या दगडाला हळदकुंकू तीच लावी. "मामंजी, उंबरा उलटा घालू नये."

"कोण म्हणतं?"

"मी यावरून माप ओलांडून आले. तांदूळ या खळग्यात सांडले होते. तुमच्या सासूबाईंचे— माझ्या सासूबाईंचेही इथंच सांडले असतील." घाईत तिची नाती चुकली आणि तिने पदर सावरला. "सवाष्णीनं ओलांडलेला उंबरा पालथा घालायचा म्हणजे..."

"म्हणजे काय? कारकुनानं तोंड वाकडं केलं तर आपल्याला उंबराही राहणार नाही, घरही नाही. धर, मानसिंग."

घरची पहार दगडाखाली गेली. मानसिंगरावाने अंग टाकले. महिनाभर सडकेवर दगड हलवून त्याला एक गोष्ट आली होती : दगड कुठून उठायला राजी आहे ते कळायचे. वडिलांनी त्याच्या पकडीकडे पाहिले आणि दुसरीकडे पाहिले. उंबरा कुरकुरला, एका कडेवर उभा राहिला, आणि मानसिंगरावाने तो छातीवर घेत हळूच अंगणात आडवा केला.

खालची बाजू मातीने भरली होती. मध्ये जरा जास्त. सगुणाबाईने घागर ओतली. माती निघेना, तशी ती बसून हाताने काढू लागली. माती निघत गेली, निघत गेली आणि तिचा हात दगडात खाली गेला.

इकडेही खळगा होता.

तसाच. खोगिरासारखा. तिने बोटे उभी घातली. चार.

नाल्यात एक टिटवी ओरडून गेली. मानसिंगरावाने दगडाच्या कडेला हात लावून पाहिले. वरून चार गेली, खालून चार गेली, मध्ये चार बोटे दगड उरला होता.

"आबा," तो म्हणाला, "तुम्ही सांगायचात, तुमचे आजोबा लहान होते तेव्हा हा उंबरा सपाट होता. त्यावर ते गोट्या खेळायचे."

"हो."

"मग ही बाजू कोणी झिजवली?"

जगदेवराव खाटेवर बसले. गुडघा त्यांनी दोन्ही हातांनी धरला, जसे काही तो पळून जाणार होता. पणजोबांच्या काळात हा उंबरा सपाट होता. सपाट होता, कारण तो कोणीतरी उलटा घातला होता. झिजलेली बाजू खाली आणि कोरी बाजू वर. बांधणारा माणूस झिजलेला उंबरा बसवत नाही.

म्हणजे विश्वासराव आले तेव्हा घर इथे होते. उंबरा चार बोटे झिजलेले घर.

"त्यांनाही लाज वाटली असेल," सगुणाबाई म्हणाली. कोणाला ते तिने सांगितले नाही.

"ठेव परत," जगदेवराव म्हणाले. "होता तसा. माती दाब नीट. आणि हे गावात बोलायचं नाही. मानसिंग, ऐकलंस? सूनबाई?"

उंबरा परत बसला. पण शंभर वर्षांची माती एका दुपारीत दाबली जात नाही. दोन्ही कडांना ओली, ताजी, काळी रेघ राहिली. सगुणाबाईने तिच्यावर रांगोळी घातली.

*

खंडेनवमीला सकाळी घरची हत्यारे धुऊन पाटावर मांडली. जगदेवरावांची तलवार, विळा, दोन खुरपी, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, पहार. प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकावर झेंडूचे फूल. आता दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. पूजेतले हत्यार त्या दिवशी देव असते.

कारकून चिंतामणीपंत टट्टूवरून आले. तिशीतला बारीक माणूस, काखेत छत्री, नाकावर घाम. सगुणाबाईने गूळपाणी आणून ठेवले. त्यांनी गूळ घेतला आणि पाणी आपल्या तांब्यातले प्यायले. मानसिंगरावाने पाण्याचा पेला तसाच उचलून आत नेला.

"छान, आपण बराचसा कागद भरून ठेवलात," पंत म्हणाले. खाटेवर बसून ते वाचू लागले. भिंतीला हात लावून आले. छताच्या फरशीखाली मान वाकडी करून पाहिले. "चुना नाही! सुंदर काम आहे." मग पुन्हा खाटेवर बसले, आणि पाचव्या-सहाव्या रकान्यापाशी त्यांचे बोट थांबले.

"हे आपणच लिहिलंत?"

"मीच. मोडीत लिहिणार होतो, पण म्हटलं छापील कागद बाळबोध आहे."

"राज्य कायम झालं त्याच्या तिसऱ्या साली."

"तिसऱ्याच. पणजोबा आमचे—"

"जगदेवराव, हुकूम असा आहे." पंतांनी चष्मा काढला आणि उपरण्याने पुसायला घेतला. "राज्याच्या आधीचं जे काही असेल ते प्राचीन. देवळं, समाध्या, बारवा, असलंच काही. राज्यानंतरचं जे आहे ते रयतेचं घर. सनद असेल तर राहील. सनद नसेल तर..."

"पण ही भिंत तुम्ही पाहिलीत."

"पाहिली. मला कोणी विचारलं असतं तर मी दगड हलू दिला नसता. पण मला रकाने विचारतात." त्यांनी चष्मा लावला. "आपण तीन वर्षं आधीचं लिहिलं असतंत तर मी काही तपासायला बसलो नसतो. आता आपलीच सही आहे खाली. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत सामान हलवावं लागेल."

जगदेवरावांनी नुसती मान हलवली. त्यांच्या तोंडावर पाहुण्याला निरोप देतानाचे हसू होते आणि ते जाईना.

तेवढ्यात अंगणात माणसे आली. पुढे भेरू लोहार, मागे सातआठ जण, हातांत हत्यारे.

"राम राम, दाजी! धार लगई लां?"

कोणी हो म्हणायच्या आधीच भेरू उंबऱ्यापाशी बसला. पाणी शिंपडले. विळा खळग्यात आडवा धरला आणि पुढे-मागे नेला. तो आवाज सगळ्यांना लहानपणापासून माहीत होता. खर्र, खर्र, आणि शेवटी बारीक शीळ.

पंत उठून जवळ आले. "हे काय?"

"पेली धार यांज लगे, साब," भेरू म्हणाला. "म्हारा बापू ने लगई, वणा का बापू ने लगई."

"किती वर्षांपासून?"

"अब वो कुण गिने?"

पंत वाकले. त्यांनी रांगोळी पाहिली. रांगोळीखालची काळी रेघ पाहिली. तिच्यावर बोट फिरवले. बोटाला ओली माती लागली.

"हा दगड अलीकडे हलवलात?"

"सणासाठी साफ केला," जगदेवराव म्हणाले.

दाराआड सगुणाबाई उभी होती. परक्या माणसाशी ती बोलत नसे. ती नवऱ्याशी बोलली, पण अंगणभर ऐकू जाईल असे.

"अहो, पाहुण्यांना जरा विचारा. खालच्या बाजूला काय आहे ते लिहायला त्यांच्या कागदात जागा आहे का?"

भेरूचा विळा थांबला.

मानसिंगरावाने पाहुण्यांना विचारले नाही. तो वडिलांकडे पाहत राहिला.

"खाली? कशाच्या खाली?" पंतांनी विचारले.

जगदेवरावांनी खुंटीवरच्या बांबूच्या नळीकडे पाहिले, मग पाटावरच्या तलवारीकडे. तलवार विश्वासरावांची होती, निदान तसे म्हणत. मग त्यांनी मोठा श्वास घेतला, आणि श्वास सोडताना त्यांचे पाहुण्यांसाठीचे हसू एकदाचे गेले.

"मानसिंग. उंबरा काढ."

"आबा, पहार पूजेत आहे."

हे खरे होते. अंगणातली सगळी माणसे पाटाकडे पाहू लागली. पहारीवर फूल होते. त्यांच्या हातातली हत्यारे पूजेची होती, तीही कोणी दगडाखाली घालणार नव्हते.

"पूजेतल्याला हात लावायचा नाही," जगदेवराव म्हणाले. "घरात एक पूजेत नसलेली आहे. कडब्याच्या गंजीत. ती आण."

मानसिंगराव जागचा हलला नाही. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"आण रे. आकडा आहे तिच्यावर. मी वाचलाय."

"कधी?"

"गंजीतून बैलाला वैरण कोण काढतं, तुझा मुकादम?"

कोणीतरी हसले. मानसिंगराव गंजीकडे गेला आणि सब्बल घेऊन आला. चालताना त्याने ती खांद्यावर घेतली. दारात असे तो कधी चालला नव्हता. भेरू बाजूला झाला. सब्बल दगडाखाली गेली, कार्तिकी पौर्णिमेनंतर ती ज्या कामाला या दाराशी यायची होती त्याच जागी. या वेळी माती सैल होती. मानसिंगरावाने दगड उभा केला, भेरूने दुसरी कड धरली आणि दोघांनी तो पालथा ठेवला.

पंत गुडघे टेकून बसले. धोतराला चिखल लागला तो त्यांना कळला नाही. त्यांनी खळग्यात हात फिरवला, वीत लावली, पुन्हा वर-खाली बोटे मोजली.

"आजवर वर असलेली बाजू आपल्या पणजोबांच्या वेळी..."

"कोरी होती," जगदेवराव म्हणाले. "चार पिढ्यांत चार बोटं गेली. ही दुसरी चार आमची नव्हेत." मग ते म्हणाले, "घर विश्वासरावांनी बांधलेलं नाही. त्यांना तयार मिळालं. त्यांनी फक्त उंबरा पालथा घातला. तेवढं मात्र स्वहस्ते."

भेरू खळग्यावर वाकला होता. लोहाराच्या डोळ्याने तो चरे पाहत होता, अंगठ्याचे नख त्यांच्यातून नेत होता.

"यो काम लोहार को हे," तो एकदम खूश होऊन म्हणाला. "देखो, पाणी छांटी-छांटी ने घिस्यो हे. म्हारो पुरखो वेगा कोई!"

"नशीबवान आहेस, भिया," जगदेवराव म्हणाले. "तुला एक आजा मिळाला. माझा एक गेला."

या वेळी हसताना सगळ्यांनी त्यांच्याकडे आधी पाहून घेतले.

रकाना पाचवा. कोणी बांधली.

पंतांनी लेखणी बुडवली आणि 'श्रीमंत विश्वासराव'वरून एक सरळ रेघ ओढली. वर बारीक अक्षरात लिहिले : माहीत नाही.

"इथं सही लागेल," ते म्हणाले. "खोडलेल्या मजकुराशेजारी लिहून देणाऱ्याची सही लागते. नाहीतर वरचे म्हणतील, कारकुनानं परस्पर खोडलं."

जगदेवरावांनी सही केली. मोडीत, एका फटक्यात. शेवटचा फराटा विश्वासरावांच्या नावाला लागला, तो त्यांनी मुद्दाम ओढला की हात सुटला, ते सांगता येत नाही.

रकाना सहावा. केव्हा.

राज्याच्या आधी.

रकाना सातवा. लेख अथवा मूर्ती असल्यास.

पंतांनी नाही लिहिले. मग नाही खोडून लिहिले : उंबरा पाहावा.

रकाना आठवा. सध्याची वहिवाट.

"इथं आपलं नाव," पंत म्हणाले. "आपलं, चिरंजीवांचं. वहिवाटदार म्हणून."

"मालक नव्हे."

"मालकाचा रकानाच नाही."

"म्हणजे आम्ही राहू?"

पंतांनी लेखणी खाली ठेवली. "सडक दगड नेणार नाही, हे मी लिहून देऊ शकतो. फुली आजच पुसा. तुम्ही राहाल की नाही ते वर ठरेल. कोणी म्हणेल, प्राचीन आहे, माणसं बाहेर काढा आणि कुलूप घाला. असंही होतं." त्यांनी नवव्या रकान्यावर बोट ठेवले. "म्हणून हा नीट भरतो."

रकाना नववा. सध्याचा उपयोग.

त्यांनी बराच वेळ लिहिले. लिहिलेले वाचून दाखवले : 'गावातील सर्व जातींचे लोक वर्षातून दोनदा येथे हत्यारांस पहिली धार लावतात. ही रीत राज्याच्या आधीची असून खंड पडलेला नाही. घरात वस्ती असल्याखेरीज ही रीत चालणार नाही, कारण दार रोज उघडे लागते व उंबरा रोज धुवावा लागतो.'

"तो कोण धुतं?" त्यांनी विचारले.

"ह्या," मानसिंगराव म्हणाला.

पंतांनी ते लिहिले नाही. रकाना भरला होता, आणि दहावा शेऱ्याचा म्हणून वरच्यांसाठी कोरा ठेवायचा होता. पण जाताना त्यांनी दाराकडे तोंड केले आणि म्हणाले, "बाई, थोडं पाणी मिळालं तर द्या. तांब्यातलं संपलं."

तांब्यात पाणी होते. सगुणाबाईने ते हेलकावताना ऐकले, आणि पाणी आणून दिले.

*

टट्टू नाल्यापलीकडे गेल्यावर प्रश्न राहिला की उंबरा आता कसा बसवायचा.

"तुम्ही सांगा," जगदेवराव सुनेला म्हणाले. "काल तुमचं ऐकलं नाही."

ती दगडाभोवती एक फेरी फिरली. एका बाजूला तिचे तांदूळ सांडले होते. दुसऱ्या बाजूला कोणाचे तरी सांडले असतील. त्यांची नावे कोणाला माहीत नव्हती, आणि ते कोणती भाषा बोलत तेही नाही.

"त्यांची वर ठेवा," ती म्हणाली. "आपली आता थोडे दिवस मातीत राहू दे."

तसा बसवला. भेरूने पाणी शिंपडले आणि राहिलेली हत्यारे एकामागून एक झाली. आवाज वेगळा होता. जरा खालचा, घशातला. कुऱ्हाडींना तो खळगा रुंद पडला, विळ्यांना नेमका आला. सगळे झाल्यावर जगदेवरावांनी सब्बल मागितली. तिचे टोक त्यांनी स्वतः दोनदा खळग्यातून ओढले, गुडघ्याला हात देत उठले आणि पाटापाशी गेले. तलवार जरा सरकवून त्यांनी तिच्यासाठी जागा केली. हळदकुंकू लावले. फूल उरले नव्हते, म्हणून तलवारीवरचे फूल तिच्यावर ठेवले.

"आबा, उद्या मला ती लागेल," मानसिंगराव म्हणाला. "कामावर."

"दसऱ्यानंतर ने. मुकादमाला सांग, देव आहे सध्या."

मानसिंगराव ओली चिंधी घेऊन कोपऱ्यावरची फुली पुसायला गेला. गेरू दगडात मुरला होता. पुसून पुसून तो फिका झाला, गेला नाही.

दुपारी जेवणाची पाने घेतली. जगदेवराव बाहेरून आले. सून आत असली की सासऱ्याने खोकून यायचे, ही रीत होती. ते रोज खोकत आणि खोकता खोकताच आत येत. आजही खोकले, पण आत आले नाहीत. उंबऱ्याशी उभे राहिले.

सगुणाबाईने पदर घेतला, वाढपाची पळी हातात धरली आणि वाट पाहिली. ते येईनात.

"या ना, मामंजी," ती म्हणाली.

मग त्यांनी धोतराचा सोगा सावरला आणि उजवे पाऊल उचलले. नवीन खळगा किती खोल आहे याचा पायाला अजून अंदाज नव्हता. पाऊल जरा चाचपडले, टेकले. मग ते आत आले.